दृष्टी देणारे शिक्षण : ऑप्टोमेट्री



सोलापुरात विड्या वळणाऱ्या भगिनी बँकेत आल्या, की स्लिप हात लांब करून धरतात नि म्हणतात, “भाऊ, आकडा वाचा.” चाळिशीत डोळ्यातील भिंगाची लवचीकता घटते, जवळचे अंधूक दिसते, हातचे काम मंदावते.

डोळे तपासून चष्म्याचा अचूक नंबर काढण्याचे शास्त्र म्हणजे ऑप्टोमेट्री. समांतर किरण अर्ध्या मीटरवर एकवटणारे भिंग २ नंबरचे, पाव मीटरवर एकवटणारे ४ नंबरचे. म्हणून बारावी विज्ञानला भौतिकशास्त्र पक्के करा. पुढे पदवी व आंतरवासिता.

शस्त्रक्रिया नेत्रतज्ज्ञ करतात. पण काचबिंदूची शंका येताच रुग्णास त्यांच्याकडे धाडणे हे ऑप्टोमेट्रिस्टचे कर्तव्य. २०२१ च्या केंद्रीय कायद्यात हा व्यवसाय समाविष्ट आहे.

आईच्या चष्म्याचा नंबर मीच काढीन, असा निर्धार करा!