झालाच नाही तो फोन

चि. मुक्तास,


ताईचा फोन आला होता. तुझं सिनेमावरचं व्याख्यान फार रंगलं म्हणाली. पण अमेरिकेचा माजी राष्ट्राध्यक्ष निक्सन याने मध्यरात्री दारूच्या नशेत मुलाखतकार डेव्हिड फ्रॉस्टला फोन केला, हे तू मुलांना घडलेली गोष्ट म्हणून सांगितलंस म्हणे. मुक्ता, तो फोन झालाच नाही. पीटर मॉर्गनने तो 2006 च्या नाटकासाठी रचला आणि 2008 च्या ‘फ्रॉस्ट/निक्सन’ चित्रपटात तो तसाच आला. फ्रॉस्टने 1977 मध्ये निक्सनच्या घेतलेल्या मूळ मुलाखतींचं चित्रीकरण 28 तासांहून जास्त आहे. एवढी शिकलेली तू, एकदा पडताळून बघायचंस ना?

राष्ट्राध्यक्षाने केलं की ते बेकायदा ठरत नाही, असं निक्सन खरंच म्हणाला. पण ते आपल्याच नागरिकांवर पाळत ठेवण्याच्या योजनेबद्दल. चित्रपटात ते वॉटरगेट प्रकरणाच्या जाबजबाबात बसवलंय. हे त्या फोनपेक्षाही फसवं, कारण वाक्य खरं आणि जागा बदललेली. चुरचुरीत संवाद आपण स्वतःच्या कानांनी ऐकल्यासारखा लक्षात ठेवतो. म्हणून दाद देण्याआधी विचारावं, हे वाक्य कुणाचं, आणि ते कुणाला भोवलं?

मला हे इतकं का लागतं ते ताईला ठाऊक आहे. पेठेतल्या एका कोपऱ्यावरून मी अजून जात नाही. कॉलेजच्या एकांकिकेत मी सोसायटीच्या कारकुनाला अफरातफर कबूल करायला लावली होती. कोर्टाने त्याला निर्दोष सोडलंय हे मला माहीत होतं, पण कबुलीशिवाय शेवट रंगेना. टाळ्या पडल्या. दुसऱ्या दिवसापासून पोरं त्याला येता-जाता माझं वाक्य ऐकवू लागली. त्याने बाजारात येणं सोडलं. निक्सन 1994 मध्येच गेला होता, त्याला तो फोन ऐकावा लागला नाही. हा कारकून मात्र प्रयोगाला तिसऱ्या रांगेत बसला होता. मी माफी मागायला गेलो नाही.

जास्तच बोललो, रागावू नकोस. फ्रँक लँजेलाचा निक्सन बघताना माझेही डोळे भरले होते. त्या रचलेल्या फोनमध्येही एकट्या पडलेल्या माणसाची तगमग आहे, तीही मुलांना दाखव. फक्त फोन झाला नव्हता, हे पुढच्या तासाला सांगून टाक. ती तुला कमी लेखणार नाहीत.

बोलताना तुझा आवाज अगदी माझ्या आईसारखा लागतो म्हणे, तुझ्या आजीसारखा. दिवाळीला आलीस की माझ्याबरोबर पेठेत चल. कारकुनाची सून तिथे दुकान चालवते. एकट्याने माझे पाय उचलत नाहीत.

तुझा,
मामा