आधी थांबू दे, मग पळव

कोल्हापूर

चि. मनी,

तुझं पत्र आणि जीपचे फोटो मिळाले. १९९१ ची एमएम ५४०, फोर व्हील, डिझेल, आणि जुलै २०२१ च्या पुरात चिपळुणात पाण्याखाली गेलेली. भंगारवाल्याने तोडून विकली असती ती गाडी तू घेऊन आलीस, याचा मला फार आनंद झाला. अशा गाड्या आता नव्याने होणार नाहीत. स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबईत विलीज जीपचे सुटे भाग जोडून महिंद्रांनी जे काम सुरू केलं, त्याच घराण्यातली ही जीप. आणि तिचं २११२ सीसीचं प्यूजो इंजिन आपल्या इगतपुरीचं. ती घरी, स्वतःच्या हाताने उभी करायची म्हणतेस, तर जरूर कर. दुसऱ्याच्या हातून करून घेतलेली जुनी गाडी घाटात बंद पडली की माणूस हतबल होतो. स्वतः उघडून जोडलेली गाडी बंद पडली, तर कुठे हात घालायचा ते ठाऊक असतं.

पण तू पाठवलेल्या यादीचा क्रम मला पटला नाही. ३१ इंची टायर, उंची वाढवणं, कॉमन रेल इंजिन, एसी, पुढे दिव्यांची पट्टी. या पाच कलमांत ब्रेक कुठेच नाही, स्टिअरिंग नाही. मनी, गाडी आधी थांबली पाहिजे, मग सरळ धावली पाहिजे. ताकदीचा विषय त्यानंतरचा. आणि एखादा भाग बदललास की त्याचा भार पुढच्या कोणत्या भागावर जाणार, हे तो बदलण्याआधी विचारायचं. जीप वाढवायला निघालेल्यांच्या बहुतेक गाड्या अर्ध्यावर का पडून राहतात, तर एवढा एक प्रश्न कोणी विचारत नाही म्हणून.

पहिली गोष्ट, इंजिन सुरू करून बघू नकोस. बॅटरी लावून सेल मारायचा मोह होईल, तो आवर. सिलिंडरमध्ये पाणी राहिलं असेल तर ते दाबलं जात नाही, आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. चारही हीटर प्लग काढ, वरून थोडं तेल सोड, दोन दिवस थांब, मग क्रँक पुलीला पाना लावून हाताने फिरव. मोकळं फिरलं तर पुढची आशा. टाकीतलं डिझेल संपूर्ण काढ, पंपाकडे जाणारी नळी सोड, आणि पंप-नोझल कॅलिब्रेशनवाल्याकडे दे. ते काम घरचं नव्हे. पुढे कधी इंजिन चालू असताना नोझलच्या पाइपला गळती दिसली तर ती हाताने चाचपू नकोस. त्या दाबाचं डिझेल कातडी भेदून आत शिरतं, आणि त्यात बोट गमावलेली माणसं आहेत.

पुराचं पाणी ओसरतं, गाळ मात्र आत राहतो. गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस, पुढचं आणि मागचं डिफरन्शियल, चौघांचेही खालचे प्लग सोडून पाहा. आधी पाणी येईल, मग दुधाळ चहासारखं तेल. नुसतं नवं तेल भरून भागणार नाही. पाणी इतकी वर्षं आत राहिलं असेल तर बेअरिंगच्या रोलरवर गंजाचे खड्डे पडले असणार, आणि असं बेअरिंग आज गुणगुणतं आणि उद्या पिनियनच खातं. तेव्हा चारही उघडायचे. परत जोडताना डिफरन्शियलच्या हौसिंगवरचे ब्रीदर साफ कर. ते बुजले की गरम हवेला वाट मिळत नाही, दाबाने सीलमधून तेल ड्रममध्ये उतरतं, शू तेलकट होतात आणि ब्रेक मारला की गाडी एका बाजूला ओढते. लोक मग ब्रेकला दोष देत बसतात. आणि तापलेलं हौसिंग ओढ्याच्या गार पाण्यात गेलं की उलटं पाणी आत ओढतं, म्हणून ब्रीदरला रबरी नळी जोडून ती वर बॉनेटखाली नेऊन ठेव. खर्च नगण्य, पण कोकणात राहणाऱ्या जीपला यापेक्षा उपयोगी सुधारणा मला माहीत नाही.

चासी तपासताना बॉडी पूर्ण उतरवता आली तर उत्तम. गाळ पाण्याच्या दाबाने धुऊन काढ, मग गोल डोक्याची हातोडी घेऊन टोकापासून टोकापर्यंत ठोकत जा. चांगला पत्रा खणखणतो, सडलेला बद्द वाजतो. पाट्यांच्या शॅकलची जागा, स्टिअरिंग बॉक्सचा ब्रॅकेट आणि बॉडी बसते ते पाय, इथे जास्त वेळ दे. स्टिअरिंग बॉक्सपाशी वेल्डला केसाएवढी चीर दिसली तरी ती शेवटपर्यंत उघडून भरून घ्यायची. वेल्डिंग करण्याआधी बॅटरी आणि अल्टरनेटरच्या वायरी सोड. डिझेलची टाकी कितीही धुतलेली असली तरी तिच्यावर घरी वेल्डिंग करायचं नाही. आणि गाडीखाली शिरताना फक्त जॅकवर विश्वास नको. चिऱ्याचा दगड नको, सिमेंटचा ठोकळा तर नकोच, तो सूचना न देता फुटतो. लोखंडी स्टँड घे, सपाट जमिनीवर लाव. तुझी आई रोज फोनवर हेच विचारते आहे, मनी. तिला मी शब्द दिला आहे.

चासी नंबर जिथे ठोकलेला आहे तिथे ग्राइंडर लावू देऊ नकोस, लांबी किंवा जाड रंगही चढू देऊ नकोस. आरटीओत त्याची पेन्सिलीने छाप घेतात. नंबर खरवडला गेला की गाडी तुझी असूनही तुझी राहत नाही. कागद आत्ताच तपास. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, पुढे पाच पाच वर्षांनी नूतनीकरण, शिवाय आपल्या राज्याचा पर्यावरण कर. मधलं एखादं नूतनीकरण राहून गेलं असेल तर ते निस्तरल्याशिवाय रंगाला पैसे घालू नकोस. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार कंपनीने नोंदवलेल्या स्वरूपात मनाने बदल करता येत नाही. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच अधोरेखित केलं. इंजिन बदलायचं तर आधी परवानगी, मग पुस्तकात नोंद. रंग बदललास तरी नोंद लागते, आणि विम्यालाही कळवायचं. अपघात झाला की हेच कागद पुढे येतात.

हत्यारांचं सांगतो, कारण इथे नवा माणूस पहिल्याच आठवड्यात नाउमेद होतो. या जीपचं अंग विलीजच्या वळणाचं, म्हणून अंगाचे बरेचसे बोल्ट इंची. इंजिन फ्रेंच वळणाचं, ते मिलिमीटरमध्ये. अर्ध्या इंचाचं डोकं १२.७ मिलिमीटरचं असतं. त्यावर तेरा नंबरचा पाना बसतो, पण सैल, आणि गंजलेला बोल्ट असला की कडा गोल होतात. मग छिन्नी, मग ग्राइंडर, मग तुटलेला स्टड. दोन्ही संच घे, आणि खुल्या तोंडाऐवजी सहा कोनी रिंग पाने वापर. आटे फिरवतानाही लक्ष ठेव: इंची बोल्ट मिलिमीटरच्या नटात दोन आटे जातो आणि अडतो, तिथे जोर लावायचा नाही. सुटलेला प्रत्येक बोल्ट चिठ्ठीसह वेगळ्या पिशवीत, आणि उघडण्याआधी प्रत्येक भागाचा फोटो.

आता ब्रेक. चारही चाकांना ड्रम आहेत. ड्रम उघडलास की आत जी धूळ असेल ती फुंकायची नाही, हवेच्या पाइपने तर मुळीच उडवायची नाही. जुन्या लायनिंगमध्ये अॅस्बेस्टॉस असे. मास्क लाव, ओल्या फडक्याने पूस, फडकं पिशवीत बांधून टाक. व्हील सिलिंडर आणि मास्टर सिलिंडर नवेच घे, किट टाकून भागवू नकोस. पुराच्या पाण्याने त्यांचं बोअर खाल्लेलं असणार. लोखंडी पाइप सगळे नवे, तांब्याचे नकोत. मास्टर सिलिंडर एकाच सर्किटचा निघाला तर दुहेरी बसव, म्हणजे एक पाइप फुटला तरी दोन चाकं धरतील. पुढे बोलेरोचे डिस्क बसवणारे पुष्कळ आहेत, आणि मी त्या बाजूचा आहे. पण डिस्क आले की मास्टर सिलिंडरचं माप बदलतं, पेडल जड होतं, मग बूस्टर लागतो. डिझेल इंजिनाला पेट्रोलसारखा इनटेकमध्ये व्हॅक्यूम मिळत नाही, म्हणून बूस्टरबरोबर व्हॅक्यूम पंप असलेला अल्टरनेटर आला. एक डिस्क म्हणजे ही सगळी साखळी. ती पूर्ण करायची तयारी नसेल तर चांगले ड्रम, घासून गोल केलेले आणि नीट अॅडजस्ट केलेले, या गाडीच्या वेगाला पुरतात.

स्टिअरिंगमध्ये किंगपिनची बेअरिंगं, टाय रॉडचे एंड आणि चाकांची बेअरिंगं तिन्ही एकदम बघ. साठच्या वेगाला पुढची चाकं थरथरायला लागली की लोक स्टिअरिंग डँपर लावतात. डँपरने रोग झाकला जातो, ढिलाई तशीच राहते.

ज्यासाठी तू ही गाडी घेतलीस ते फोर व्हील नीट समजून घे. या रचनेत मध्ये डिफरन्शियल नाही. लिव्हर पुढे टाकला की पुढचा आणि मागचा प्रोपेलर शाफ्ट एकमेकांना बांधले जातात. वळताना पुढची चाकं मोठ्या वर्तुळातून जातात, मागची लहान. चिखलात चाक घसरून हा फरक फेडतं. कोरड्या डांबरावर घसरता येत नाही, म्हणून तो सगळा पीळ शाफ्टमध्ये, क्रॉसमध्ये आणि ट्रान्सफर केसच्या दातांत साठतो. डांबरी रस्त्यावर फोर व्हील नको, कुंभार्ली घाट पावसात ओला असला तरी नको. याच कारणाने चारही टायर एकाच मापाचे आणि सारखेच झिजलेले हवेत, आणि पुढच्या-मागच्या डिफरन्शियलचं गुणोत्तर एकच हवं. विलीजच्या जुन्या नागरी जीपला क्राउनला ४३ दात आणि पिनियनला ८, म्हणजे ५.३८. तुझ्या गाडीचे पुढचे-मागचे दात मोजून ठेव. मधल्या कुठल्या मालकाने मागचं हौसिंग दुसऱ्या गाडीचं टाकलं असेल तर ते टू व्हीलमध्ये कधीच कळत नाही. फोर व्हील टाकून पहिल्याच चढाला आवाज होतो.

लो रेंज विसरू नकोस. विलीजच्या जुन्या नागरी जीपला लो गिअर सुमारे अडीच पट. इंजिनची ताकद बासष्ट अश्वशक्तीच्या आसपास असूनही ही जीप दगडधोंड्यांतून चढते ती या गुणाकारावर, आणि उतारावर ब्रेक न तापवता उतरतेही त्याच्याच आधाराने. कॉमन रेल इंजिन मागण्याआधी एकदा शेताच्या बांधावर लोमध्ये पहिल्या गिअरला चालवून बघ.

म्हणून ३१ इंची टायरना माझा नकार आहे. मूळ टायर अठ्ठावीस इंचांच्या आसपास धर. तीन इंच वाढले म्हणजे गिअर सुमारे दहा टक्के उंच झाले, चढाला एक गिअर कमी पडणार. ब्रेकची पकड जमिनीपाशी तितकीच घटणार, आणि काटा साठ दाखवेल तेव्हा गाडी सहासष्टवर असेल. वर लिफ्ट चढवलीस तर शाफ्टचे कोन बिघडून क्रॉस खाल्ले जातात, पुढच्या चाकांचा कॅस्टर जातो आणि गाडी रस्त्यावर भरकटते. जीपच्या चाकांमधली रुंदी मुळात कमी, विलीजला जेमतेम ४८ इंच. तिची उंची वाढवून वळणावर नेणं मला तुझ्यासाठी नको आहे. त्या पैशांत पाटे नव्याने ताव देऊन घे, बुश नवे, शॉक अॅब्झॉर्बर चांगले, आणि चासीला बोल्टने धरलेला रोल बार. बाकड्यांना पट्टेही लाव, मागे भाचरंडं बसणार आहेत.

वायरिंग सगळं नवं ओढ. पुरातली वायर बाहेरून चांगली आणि आतून हिरवी असते. दोन हेडलाइट मिळून दहा अँपिअर घेतात, आणि ते जुन्या स्विचमधून आले तर वाटेतच व्होल्ट गळतात. रिले आणि फ्यूज टाकून बॅटरीवरून थेट पुरवठा दे, इंजिन ते चासी जाड अर्थिंग पट्टी लाव. मग साध्या दिव्यांचाच उजेड पुरेल, दिव्यांच्या पट्टीची गरज राहणार नाही. रंगाचं काम पावसाळा संपल्यावर. एसीचं पुढच्या वर्षी बोलू.

गिअरबॉक्सला जीएल-४ दर्जाचंच तेल घाल. जीएल-५ मधली काही द्रव्यं पितळी सिंक्रो रिंगना बाधतात.

शॅकलचे बुश आणि किंगपिनचे शिम बाजारात मापाचे मिळाले नाहीत तर जुने धुऊन, खुणेसह पार्सल कर. इथे उद्यमनगरात माझ्या ओळखीच्या लेथवर करून घेतो. ट्रान्सफर केस मात्र मी आल्याशिवाय उघडू नकोस. मी पुलर आणि डायल गेज घेऊन दिवाळीनंतर येतो. तोवर चासी धुऊन, हातोडीने तपासून, जिथे जिथे बद्द वाजेल तिथे खडूने खूण करून ठेव आणि त्या जागांचे फोटो पाठव.

तुझा,
मामा