सोनेरी साप आणि रक्तदाबाची गोळी

“ब्लडप्रेशरची गोळी सापाच्या विषापासून करतात, हे खरं का हो?” फार्मसीच्या काउंटरवर आपल्या मंडळींकडून हा प्रश्न मला अधूनमधून येतो. उत्तर देतेच, पण आधी त्या सापाच्या एका बेटवासी भाऊबंदाची ओळख करून देते.

ब्राझीलच्या साओ पावलो राज्याच्या किनाऱ्यापासून सुमारे ३५ कि.मी.वर ‘केमादा ग्रान्दी’ नावाचे खडकाळ बेट आहे. क्षेत्रफळ जेमतेम ४३ हेक्टर, म्हणजे १०६ एकर. हिमयुग ओसरताना, सुमारे ११,००० वर्षांपूर्वी समुद्र चढला आणि हा डोंगर मुख्य भूमीपासून तुटला. वर अडकलेल्या सापांची पुढे वेगळी जात झाली, ती गोल्डन लान्सहेड. पिवळसर सोनेरी रंग, लांबी अडीच-तीन फूट. आपल्या सह्याद्रीतला चापडा याचा लांबचा नातेवाईक. घोणसीप्रमाणे हाही अंडी न घालता थेट पिल्ले देतो.

बेटावर उंदीर नाहीत. मग खायचे काय? पिल्ले गोमा, बेडूक, सरडे यांवर भागवतात. मोठ्या सापांची भिस्त मात्र स्थलांतर करताना इथे उतरणाऱ्या पक्ष्यांवर, त्यातही कस्तुराच्या एका जातीवर आणि एका चिमुकल्या कीटकभक्षी पक्ष्यावर. बेटावर कायम राहणारे पक्षी यांच्या तावडीत सहसा सापडत नाहीत! किनाऱ्यावरचा साप उंदराला डसून सोडून देतो आणि वासाने माग काढतो. पक्षी सोडला तर तो उडून समुद्रात पडायचा. म्हणून हा साप भक्ष्य तोंडात घट्ट धरून ठेवतो, आणि याचे विष पक्ष्यांवर फार झपाट्याने चालते.

‘इथे दर चौरस मीटरला एक साप’ असे छापून येते. हिशेब करा: तसे असते तर चार लाखांवर साप झाले असते. अभ्यासकांचा अंदाज दोन ते चार हजारांचा आहे. जगात दुसरीकडे कुठेही ही जात निसर्गात नाही. बेटावर जायला सर्वसामान्यांना बंदी आहे, तरी चोरटा व्यापार चालतो. जात अतिसंकटग्रस्त ठरली आहे.

आता गोळीकडे. मुख्य भूमीवरच्या ‘जराराका’ या याच्या सख्ख्या नातेवाइकाच्या विषात, ब्रॅडिकायनिन या रक्तवाहिन्या सैलावणाऱ्या द्रव्याचा परिणाम वाढवणारा घटक असल्याचे सर्जिओ फेरेरा यांनी १९६५ साली दाखवले. त्या धाग्यावरून रसायनशास्त्रज्ञांनी कॅप्टोप्रिल घडवले. अमेरिकेत त्याला १९८१ साली मान्यता मिळाली. म्हणजे गोळीत विष नाही, विषावरून घेतलेला कित्ता आहे. बेटावरच्या सोनेरी सापाच्या विषातही तशीच द्रव्ये सापडली आहेत.

एनालाप्रिल, लिसिनोप्रिल, रामिप्रिल ही ‘प्रिल’ मंडळी त्याच घराण्यातली. तेच ब्रॅडिकायनिन साचल्याने काहींना कोरडा, चिवट खोकला लागतो. घरी महिनोन्‌महिने हळद-दूध आणि सितोपलादी चालू असते, आणि गोळीचा संशयही कोणाला येत नाही! असा खोकला असेल तर गोळी परस्पर बंद करू नका. डॉक्टरांना सांगा, दुसऱ्या प्रकारचे औषध मिळते. गरोदरपणात या गोळ्या चालत नाहीत, तेव्हा दिवस राहिल्याचे कळताच डॉक्टरांना फोन करा. ओठ, जीभ किंवा चेहरा सुजला तर मात्र फोनाफोनीत वेळ न घालवता थेट इमर्जन्सी गाठा.