मूत्रपिंडाचा आजार आणि विम्याची दोन कार्डे

डायलिसिस सुरू झाले की साऱ्या घराचे वेळापत्रक बदलते. आठवड्यातून दोन किंवा तीन दिवस, दर वेळी सुमारे चार तास. आणि हे प्रत्यारोपण होईपर्यंत, न झाल्यास जन्मभर. म्हणून या आजारात एका मोठ्या बिलापेक्षा न थांबणारी छोटी बिलेच माणसाला कर्जात लोटतात.

आमच्या परिचयातील एक गृहस्थ डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी करीत. कंपनीचा तीन लाखांचा मेडिक्लेम होता. घरच्यांनी पहिल्या दिवसापासून सर्व डायलिसिस त्यावरच केले. हिशोब सोपा आहे. एका वेळेस पंधराशे रुपये धरले, तर आठवड्यात तीन प्रमाणे वर्षाला १५६ वेळा, म्हणजे २ लाख ३४ हजार. पुढे न्यूमोनिया होऊन अतिदक्षता विभागात ठेवावे लागले, तेव्हा विम्यात जेमतेम काही हजार उरले होते. केशरी शिधापत्रिका मात्र घरातल्या ट्रंकेत पडून होती!

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिस व मूत्रपिंड प्रत्यारोपण दोन्ही आहेत. २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी योजना म्हणून सुरू झालेल्या या योजनेला २०१७ मध्ये हे नाव मिळाले. २०२३ च्या शासन निर्णयाने कुटुंबाची वार्षिक मर्यादा दीड लाखांवरून पाच लाख झाली. येथे खाजगी विमा आहे की नाही, हा पात्रतेचा प्रश्न नाही. मात्र उपचार योजनेतील रुग्णालयातच व्हावे लागतात. बाहेर भरलेले पैसे मागून मिळत नाहीत. म्हणून ठाणे, कल्याण वा डोंबिवलीत रुग्णालय निवडण्याआधी तेथील आरोग्यमित्राला भेटावे.

आमचे मत असे की, नेहमीचे डायलिसिस सरकारी योजनेवर चालवावे आणि मेडिक्लेम अचानक दाखल होण्यासाठी राखून ठेवावा. डायलिसिस ही चोवीस तास दाखल न होता मिळणारी सेवा असल्याने मेडिक्लेममध्येही बसते, हे खरे. पण बसते म्हणून तेथेच संपवू नये. एकाच बिलाचे पैसे दोन्हीकडून घेता येत नाहीत. दोन खाजगी पॉलिसी असतील, तर आधी कोणती वापरायची ते रुग्णाने ठरवावे व उरलेली रक्कम दुसरीकडे मागावी. मूळ बिले पहिल्या कंपनीकडे जातात. तेव्हा साक्षांकित प्रती आणि पहिल्या कंपनीचे मंजुरीपत्र जपून ठेवावे.

घरात सत्तरी ओलांडलेले आईवडील असल्यास ऑक्टोबर २०२४ पासून त्यांच्यासाठी आयुष्मान भारतचे पाच लाखांचे संरक्षण आहे. उत्पन्नाची अट नाही. खाजगी विमा किंवा ई.एस.आय. असणाऱ्यांनाही ते मिळते. केंद्र सरकारी आरोग्य योजना किंवा माजी सैनिकांची योजना असणाऱ्यांना मात्र दोहोंपैकी एक निवडावी लागते.

कामगारांनी ई.एस.आय. विसरू नये. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मजूरमंत्री असताना प्रा. अडारकर यांनी १९४४ मध्ये दिलेल्या अहवालातून १९४८ चा हा कायदा आला. मासिक वेतन २१,००० रुपयांपर्यंत असणारे त्यात येतात. दोन वर्षे सलग नोकरी झालेल्यास मूत्रपिंड निकामी होण्यासारख्या दीर्घ आजारात वेतनाच्या ८० टक्के भत्ताही मिळू शकतो. पगारवाढीने मर्यादा ओलांडली, तरी चालू अंशदान-काळ संपेपर्यंत हक्क राहतो. त्या मुदतीत पुढची सोय पाहावी.

एक गोष्ट आम्हांला वारंवार दिसते. मधुमेह व रक्तदाब ही मूत्रपिंड बिघडण्याची मोठी कारणे, आणि पॉलिसी घेताना नेमके तेच लपवले जाते. एजंटही "लिहू नका" म्हणतो. पूर्वीच्या आजारासाठी थांबण्याची मुदत २०२४ पासून जास्तीत जास्त तीन वर्षे आहे. खरे लिहिणाऱ्याला ती संपल्यावर हक्क मिळतो, लपवणाऱ्याचा दावा ऐन वेळी नाकारला जातो. नोकरी सुटणार असेल, तर सामूहिक पॉलिसी संपण्यापूर्वीच त्याच कंपनीची वैयक्तिक पॉलिसी मिळते का, हे लेखी विचारावे.

हे सारे करूनही पैसे कमी पडल्यास, धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखलेल्या असतात. उत्पन्नाचा दाखला तहसील कार्यालयातून आधीच काढून ठेवावा. रुग्ण दाखल झाल्यावर त्यासाठी रांगेत उभे राहायला घरात माणूस उरत नाही.