शेजाऱ्यांसाठी संगणक

मुलांनो, गणिताच्या तासाला तुम्ही उदाहरणे सोडवता. उत्तर चुकले तर गुरुजी लाल खूण करतात आणि तुमचे गुण कमी होतात. दुसऱ्या कोणाचे काही बिघडत नाही. पण तुमच्या उत्तरावर एखाद्याचे रात्रीचे जेवण अवलंबून असेल तर? मग तुम्ही ते उदाहरण किती काळजीने सोडवाल!

अमेरिकेतील इंडियाना राज्यात पर्ड्यू विद्यापीठ आहे. तेथे लीआ जेमिसन आणि एडवर्ड कॉइल या प्राध्यापकांनी पुढाकार घेऊन १९९५ साली एक नवा अभ्यासक्रम सुरू केला. त्याचे नाव 'एपिक्स'. विद्यार्थ्यांनी परिसरातील सेवाभावी संस्थांच्या अडचणी समजून घ्यायच्या आणि त्यांना उपयोगी पडेल असे यंत्र किंवा संगणकाचा प्रोग्रॅम तयार करून द्यायचा, असा हा अभ्यासक्रम. आपल्याकडे १९६९ पासून राष्ट्रीय सेवा योजना आहे. तिच्यातील विद्यार्थी झाडे लावतात, श्रमदान करतात. पण ती कामे बहुधा त्यांच्या अभ्यासाच्या विषयाबाहेरची असतात. एपिक्समध्ये सेवा हाच अभ्यास होता, आणि त्याचे गुणही मिळत.

पहिल्या काही वर्षांत विद्यार्थ्यांच्या एका गटाकडे बेघर लोकांसाठी काम करणाऱ्या संस्थांचा प्रश्न आला. तो प्रश्न वरवर सोपा वाटतो. समजा, एका बाईला घर नाही. ती एका संस्थेत जेवते, दुसरीत झोपते आणि तिसरीकडे कामासाठी अर्ज करते. तिन्ही संस्था आपापल्या वहीत तिचे नाव लिहितात. बाई एक, पण मोजल्या जातात तीन! मग गावात बेघर किती आहेत, कोणाला कोणती मदत मिळाली आणि कोण उपाशी राहिले, हे कसे कळणार?

तुम्ही म्हणाल, सगळ्या वह्या एकत्र करा. पण थांबा. ती बाई मारहाणीला कंटाळून घरातून निघाली असेल. ती कोठे झोपते हे बाहेर कळले, तर तिच्या जिवाला धोका होईल. म्हणून मोजणी बरोबर व्हावी आणि कोणाचे गुपितही उघडे पडू नये, असा प्रोग्रॅम हवा होता. पुस्तकातल्या उदाहरणात अशी अट क्वचितच असते.

असे काम करण्याची एक रीत आहे. नाव, जन्मतारीख आणि संस्थांनी जपलेला एक गुप्त शब्द यांपासून संगणक एक लांबलचक क्रमांक तयार करतो. तेच नाव, तीच तारीख आणि तोच शब्द दिला, की प्रत्येक ठिकाणी तोच क्रमांक येतो. त्यामुळे एक माणूस एकदाच मोजला जातो. गुप्त शब्द ठाऊक नसेल, तर नुसत्या क्रमांकावरून नाव ओळखता येत नाही.

यातही एक खोच आहे. हजेरीपटावर एका गुरुजींनी 'फातिमा' लिहिले आणि दुसऱ्यांनी 'फातेमा', तर तुम्हाला मुलगी एकच आहे हे कळते. संगणकाला ते कळत नाही. त्याच्या दृष्टीने त्या दोन मुली! अशा गोष्टी खोलीत बसून सुचत नाहीत. संस्थेत जाऊन नोंदी करणाऱ्या माणसाशेजारी बसावे लागते. त्याचा हात कोठे अडतो, घाईत तो कोणता रकाना रिकामा सोडतो, हे पाहावे लागते. मला तर वाटते, या अभ्यासक्रमातला सर्वांत कठीण धडा हाच असावा.

दुसरी अडचण वेळेची. विद्यापीठाचे सत्र काही महिन्यांत संपते, संस्थेची गरज मात्र संपत नाही. म्हणून एपिक्सच्या एकाच गटात पहिल्या वर्षापासून शेवटच्या वर्षापर्यंतचे विद्यार्थी घेतात, आणि काही जण अनेक सत्रे तेच काम करत राहतात. जुने गेले तरी काम ठाऊक असलेले कोणीतरी उरते. या पद्धतीसाठी २००५ साली अमेरिकेतील राष्ट्रीय अभियांत्रिकी अकादमीने जेमिसन, कॉइल आणि त्यांचे सहकारी विल्यम ओक्स यांना गॉर्डन पारितोषिक दिले.

तरीही जाणाऱ्या विद्यार्थ्याला आपला प्रोग्रॅम कसा चालतो आणि कोठे अडतो, हे लिहून ठेवावेच लागते. ते नीट लिहिले नसेल, तर पुढचा विद्यार्थी गोंधळतो, आणि संस्थेतला कारकून पुन्हा आपली जुनी वही उघडतो.