उठावाच्या आकड्यांवरून इंजिनची ओळख

प्रश्न : गोठ्यात सहा सिलिंडरचं सुटं इंजिन सापडलं. घरचे म्हणतात, आजोबांच्या शेवरोलेचं. स्टार्टरजवळ एक मोठा आकडा आणि ‘एच १५ १’ असा उठाव आहे. हे कोणतं इंजिन?

उत्तर : शिवडीला जनरल मोटर्सच्या कारखान्यात १९२८ पासून शेवरोले जोडल्या जात, तेव्हा घरच्यांचं म्हणणं खरं असू शकतं. ‘एच १५ १’ ही ब्लॉक ओतल्याची तारीख. ए म्हणजे जानेवारी, म्हणून एच म्हणजे ऑगस्ट. मग दिवस, शेवटी वर्षाचा फक्त अखेरचा अंक. १९४१ की १९५१, हे एवढ्यावरून कळणार नाही. त्यासाठी मोठा आकडा जुन्या पार्ट कॅटलॉगशी ताडून पाहा. आधी तारेच्या ब्रशने गंज काढा. ३ आणि ८ मध्ये हमखास गल्लत होते.

हेड काढलंत तर बोअरवर विसंबू नका. शेवरोलेच्या २१६ घन इंचाच्या इंजिनचा मूळ बोअर साडेतीन इंच, पण साठ थाऊ (इंचाचे हजारावे भाग) रीबोअर झाला की तो मोठ्या, २३५ घन इंचाच्या इंजिनच्या जवळपास तेवढाच भरतो. स्ट्रोक मोजा : २१६ चा पावणेचार इंच, २३५ चा जवळजवळ चार.

आरसी बुकातला नंबर मात्र ओतलेला नसतो, ठोकलेला असतो. तो डिस्ट्रिब्युटरजवळ शोधा.