सकाळी दहालाही चालू असलेला बॅकअप

ई-मेल सर्व्हरचा बॅकअप रेंगाळू लागला की बहुतेक ठिकाणी एक तर कोणी लक्ष देत नाही, नाहीतर थेट नव्या स्टोरेजचं कोटेशन मागवलं जातं. नागपूर परिसरात मेल सर्व्हर सांभाळताना मी दोन्ही पाहिलं आहे. दोन्हींत नुकसानच आहे.

बुटीबोरी एमआयडीसीतल्या एका कारखान्याचं उदाहरण सांगतो. तिथला एक्स्चेंज सर्व्हर व्हीएमवेअरवर व्हर्च्युअल मशीन म्हणून चालायचा. रात्री सुरू केलेला बॅकअप सकाळी दहा वाजले तरी चालूच. ऑफिस भरलं की आउटलुक अडकायचं, डिस्पॅचवाले ट्रान्सपोर्टरच्या मेलसाठी खोळंबायचे. बॅकअप संपेपर्यंत मशीनचा स्नॅपशॉट उघडा राहतो आणि तोवरचं सगळं नवं लिखाण वेगळ्या फाइलीत साचतं. शेवटी ते मूळ डिस्कमध्ये मिसळावं लागतं, तेव्हा मशीन काही क्षण थबकते. स्नॅपशॉट जितका जास्त वेळ उघडा, तितकं हे काम जड.

पण खरी काळजी लॉगची होती. एक्स्चेंज प्रत्येक बदल आधी 1 एमबीच्या लॉग फाइलींमध्ये लिहितं आणि बॅकअप नीट पूर्ण झाला तरच जुने लॉग काढून टाकतं. बॅकअप अर्ध्यावर तुटत राहिला की लॉगचा ढीग वाढत जातो. त्या कारखान्यात लॉगची डिस्क काठोकाठ आली होती. ती भरली की डेटाबेस बंद पडतो आणि कंपनीचा मेल थांबतो. अशा वेळी कोणी हाताने लॉग डिलीट करायला निघालं तर त्याला तिथेच थांबवा. डेटाबेसला हवा असलेला एक लॉग गेला तरी तो पुन्हा सुरू होताना अडून बसतो.

पुरवठादाराचा सल्ला नवं स्टोरेज घेण्याचा होता. मी आधी बॅकअपचा रिपोर्ट मागितला. वेग सेकंदाला 11 एमबीच्या आसपास, आणि रोज तेवढाच. डिस्क दमली असती तर वेग खालीवर झाला असता. इतका स्थिर आकडा दिसला की नेटवर्ककडे बघायचं, कारण 100 एमबीपीएसच्या लाइनवरून सेकंदाला साडेबारा एमबीपेक्षा जास्त जाऊच शकत नाही. सेकंदाला 11 एमबीच्या वेगाने 1 टीबीला सुमारे 25 तास लागतात. गिगाबिटवर तेच काम अडीच तासांचं.

स्विचवर पाहिलं तर व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या होस्टचा पोर्ट 1000 ऐवजी 100 वर आलेला. गिगाबिटला केबलमधल्या चारही जोड्या लागतात, 100 ला दोन पुरतात. त्यामुळे एखादी जोडी निकामी झाली तरी लिंक चालू राहते आणि कोणाला शंकाही येत नाही. कनेक्टर काढला तर पिनांवर हिरवट थर होता. सर्व्हर रूमचा एसी बिघडला म्हणून उन्हाळ्यात तिथे डेझर्ट कुलर लावला होता. मे महिन्यात पारा 45 च्या पुढे गेला की आपल्याकडे पहिला आधार कुलरचाच, हे मलाही ठाऊक आहे. पण कुलर गारव्यासोबत ओल सोडतो. सर्व्हर रूममध्ये तो नको म्हणजे नकोच.

केबल बदलल्यावर वेग सुधारला, तरी बॅकअप हवा तितका आटोपशीर होईना. रिपोर्टातला दुसरा आकडा इथे कामी आला. रोज बदललेला डेटा थोडाच असायचा, पण वाचली जात होती अख्खी डिस्क. बदललेले ब्लॉक टिपून ठेवणारी व्हीएमवेअरची सोय, म्हणजे चेंज्ड ब्लॉक ट्रॅकिंग, बिघडली होती. एकही स्नॅपशॉट शिल्लक नाही याची खात्री करून, सुटीच्या दिवशी मशीन बंद ठेवून ती रिसेट केली. त्यानंतरचा पहिला बॅकअप पुन्हा अख्खी डिस्क वाचतो, तेव्हा घाबरून जाऊ नका. अँटिव्हायरसचं फुल स्कॅनही नेमकं बॅकअपच्याच वेळी लावलेलं होतं. ते रविवार दुपारवर ढकललं. नवं स्टोरेज घ्यावं लागलं नाही.

माझं सांगणं एवढंच, की डेटा वाचताना अडतो, वाटेत अडतो की लिहिताना अडतो हे आधी मोजा, आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. दोन-तीन गोष्टी एकदम बदलल्या तर कशामुळे फरक पडला ते कळत नाही, आणि पुढच्या वेळी तपास पुन्हा पहिल्यापासून करावा लागतो.

बॅकअपची किंमत किती, ते नोव्हेंबर 2022 मध्ये दिल्लीच्या एम्सने पाहिलं. सायबर हल्ल्यानंतर रुग्णालयाचं काम कित्येक दिवस कागदावर चाललं. ई-हॉस्पिटलची माहिती परत मिळाली ती हल्ल्यातून वाचलेल्या एका बॅकअप सर्व्हरवरून.

तेव्हा आजच तुमच्या सर्व्हरचा कालचा रिपोर्ट उघडा. वेग आणि वाचलेला डेटा, हे दोन आकडे टिपून ठेवा. आणि या आठवड्यात त्याच बॅकअपमधून एक मेलबॉक्स परत आणून बघा.